आंबागड ते पवनी, सायकलवर: वैनगंगेच्या खोऱ्यात रस्ता आहे, मुक्काम कुठे?

तुमसरहून आंबागडकडे जाताना, किल्ल्याचा डोंगर नुकताच समोर दिसायला लागला होता, तेवढ्यात माझ्या सायकलचं मागचं टायर कडेने फाटलं. पंक्चर असतं तर मी काढलं असतं, पॅच आणि पंप सोबत होते. पण टायरच उसवलं तर पॅच लावणार कुठे? सायकल ढकलत पंक्चरच्या दुकानापर्यंत आलो. दुकानात टायर टांगलेले होते, २८ चं होतं, २६ चं होतं. माझ्या रिमला एकही बसेना. शेवटी दुकानातल्या काकांनी जुन्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा कापला, फाटलेल्या जागी आतून बसवला, हवा थोडी कमीच ठेवली आणि पैसे घेताना विचारलं, मुक्काम कुठे?

मला उत्तर देता आलं नाही, कारण आंबागडात मुक्काम नव्हताच. किल्ला पाहून झाल्यावर दिवस मावळायच्या आत तुमसर गाठलं आणि लॉजवर झोपलो. रात्री सवयीने हिशोब लिहिला. आंबागडात खर्च झाले साठ रुपये, म्हणजे टायरचं काम, चहा आणि पोहे. तुमसरात झाले जवळपास नऊशे. बघायला गेलो होतो आंबागड, आणि पैसे राहिले शहरात.

सायकल पर्यटनाचा सगळा प्रश्न या दोन आकड्यांत येतो. हा प्रश्न ज्यांनी बऱ्यापैकी सोडवला, त्यांच्याकडे आधी बघू.

फ्रान्समध्ये नेमकं काय केलं?

मोबाइलवर सायकल प्रवासाचे व्हिडिओ बघणाऱ्यांना लोआर नदीचा काठ ओळखीचा असेल. लोआर ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, लांबी हजार किलोमीटरच्या थोडी वर. तिच्या काठाने ‘लोआर आ व्हेलो’ म्हणजे ‘सायकलवरून लोआर’ नावाचा सुमारे ९०० किलोमीटरचा मार्ग आहे. त्याचा मोठा भाग ‘युरोव्हेलो ६’ या अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत दहा देशांतून जाणाऱ्या मार्गात येतो. नदीखोऱ्याचा २८० किलोमीटरचा पट्टा २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. राजवाडे, द्राक्षमळे, दगडी घरांची छोटी गावं; व्हिडिओत हे सगळं दिसतं. दिसत नाही ती त्यामागची व्यवस्था.

पहिली गोष्ट अशी की हा मार्ग बहुतांशी नव्याने बांधलेला नाही. लोआरला पूर येतात, म्हणून तिच्या काठाने मध्ययुगापासून मातीचे बांध घातले गेले. आज सायकली बऱ्याच ठिकाणी त्याच बांधांवरून जातात. इतर खोऱ्यांत कालव्याच्या कडेच्या वाटा आहेत, जिथून एकेकाळी घोडे नावा ओढत. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तिथे पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी ‘व्हुआ व्हेर्त’ म्हणजे हरित मार्ग केले. त्यातला पहिला बर्गंडी भागात, जिव्री ते क्लुनी, १९९७ चा. उरलेला मार्ग गावागावांना जोडणाऱ्या, फारशी गाडी न फिरकणाऱ्या रस्त्यांवरून जातो. जुनं होतं ते जोडलं आणि प्रत्येक वळणावर पाटी लावली, एवढंच.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘आक्यी व्हेलो’ नावाचं एक राष्ट्रीय मानचिन्ह आहे, अर्थ ‘सायकलस्वारांचं स्वागत’. हॉटेल, घरगुती खोली, तंबूची जागा, दुरुस्तीचं दुकान, कोणालाही ते मिळू शकतं. राहण्याची जागा मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत हवी. सायकल रात्री कुलपात ठेवायची सोय हवी, पंप आणि पान्यांचा संच हवा, पुढच्या रस्त्याची माहिती देता यायला हवी. खोलीत एसी हवा असं त्यात कुठे नाही. शिवाय फ्रान्समध्ये अनेक छोट्या गावांची तंबूसाठीची मैदानं खुद्द गावची स्थानिक संस्था चालवते. आपल्या भाषेत ग्रामपंचायत. मैदान, पाण्याचा नळ, न्हाणीघर, संडास आणि संध्याकाळी पावती फाडायला येणारा एक माणूस.

मोटारवाला दिवसाला तीनशे किलोमीटर जातो आणि जिथे चांगलं हॉटेल असेल तिथे थांबतो. सायकलवाला चाळीस-पन्नास किलोमीटर जातो, दर पंधरा-वीस किलोमीटरवर त्याला भूक लागते आणि संध्याकाळी जे गाव येईल तिथे तो झोपतो, कारण पुढे जाण्याचं त्राण नसतं. दमलेला माणूस हा गावासाठी उत्तम गिऱ्हाईक असतो.

नदीचंच खोरं का?

इंजिनीअरिंगच्या चार वर्षांतलं थोडं तरी कामी येऊ द्या. सपाटीवर, साधारण १५-१८ किलोमीटरच्या वेगाने चालवताना पायांचं बळ मुख्यतः हवेला आणि टायरच्या घर्षणाला तोंड देण्यात जातं. चढ लागला की स्वतःचं, सायकलचं आणि सामानाचं वजन उचलावं लागतं. माणूस आणि सामान मिळून ९० किलो धरले, तर शंभर किलोमीटरला एक किलोमीटर उंची चढणं आणि पन्नास मीटर चढणं यात शहाण्याने कशाची निवड करावी हे सांगायला नको. नदीने हजारो वर्षांत त्या प्रदेशातला सर्वांत सौम्य उतार शोधून ठेवलेला असतो. तिच्या सोबतीने जाणं म्हणजे तयार सर्वेक्षण फुकट वापरणं.

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटकडून महाराष्ट्राच्या सीमेवर येते, भंडारा जिल्ह्यातून खाली जाते आणि पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. भंडाऱ्याजवळ कारधा इथे तिची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५० मीटर मानली जाते. पावसाळ्यात हा आकडा आपण बातम्यांत दरवर्षी छापतो. तुमसर त्यापेक्षा फार तर वीस-तीस मीटर उंच. म्हणजे तीसेक किलोमीटरमागे एखाद्या सात-आठ मजली इमारतीएवढा फरक. सायकलवर तो कळतही नाही. आंबागडच्या बाजूला सातपुड्याच्या सुट्या टेकड्या सुरू होतात, तिथे थोडा चढउतार आहे. घाट नाही.

सायकलच्या बाबतीत विदर्भाने फ्रान्सकडून काहीच घेतलं नाही असंही नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली आणि २०१८ मध्ये सायबेरिया ओलांडणारी शर्यतही. आपल्याकडे हौशी सायकलपटू ज्या ‘बीआरएम’ला जातात, ते २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत असले दौरे पॅरिसच्या एका जुन्या क्लबच्या नियमांनी होतात. त्याच क्लबची १२०० किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस दर चार वर्षांनी होते. भारतातून त्यासाठी शेकडो जण जाऊन आले आहेत. पण यात घड्याळ लावलेलं असतं. रात्री अडीच वाजता गावातून जाणाऱ्याला त्या गावाचं नावसुद्धा वाचता येत नाही. फ्रान्सकडून आपण धावायचं घेतलं. रमतगमत जायचं राहून गेलं.

आंबागडापासून खाली

मी सुचवतो तो मार्ग असा. रेल्वेने तुमसर रोडला उतरायचं. स्टेशन देव्हाडीत आहे, तुमसर शहर तिथून चार-पाच किलोमीटर. शहरात जाण्याआधी उलट बाजूला माडगीला जाऊन यावं. वैनगंगेच्या पात्रातच खडकावर नृसिंहाचं देऊळ आहे, कार्तिकात मोठी यात्रा भरते. एरवी सकाळी ढिवर बांधवांच्या डोंग्या, ओली वाळू आणि पुलावरून जाणारी मालगाडी. मी तिथे ठरवलं होतं त्यापेक्षा तासभर जास्त बसलो.

तुमसर म्हणजे धानाची बाजारपेठ. तिथून आंबागड बारा-तेरा किलोमीटर. नोव्हेंबरात दोन्ही बाजूंच्या बांध्यांत धान कापून पडलेलं असतं, कुठे पुंजणे रचलेले असतात, आणि रस्त्याच्या अर्ध्या भागावर धान वाळत घातलेलं असतं. त्यावरून सायकल घालू नये. चाक घसरतं हे एक, आणि ते कोणाच्या तरी वर्षाचं धान आहे हे दुसरं.

किल्ला १७०० च्या सुमाराचा. नागपूर वसवणाऱ्या देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहाचा सुभेदार राजा खान पठाण याने तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना इथल्या विहिरीचं सडलेलं पाणी प्यायला लावत आणि त्यातच ते मरत, अशी कथा सांगितली जाते. खरं-खोटं काहीही असो, वर पोहोचल्यावर बाटलीतलं पाणी संपलेलं असलं की ती आठवते. दरवाजा, बुरूज, तटावर चढलेली झाडं आणि खाली दूरवर तळी. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा का म्हणतात हे नकाशापेक्षा इथून चांगलं कळतं. जवळच गायमुख आहे, महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते.

परतीला तुमसरहून मोहाडीमार्गे भंडाऱ्याला यावं. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात कोशाचं कापड विणतात, वाट थोडी वाकडी केली तर हातमाग बघता येतो. भंडारा पितळेच्या भांड्यांचं शहर. मुख्य बाजारापेक्षा गल्लीतला ठोक्यांचा आवाज धरून चालत गेलेलं बरं. पुढे कारध्याचा पूल ओलांडून पहेला, अड्याळ करत पवनी, साधारण पंचेचाळीस किलोमीटर. वेळ असेल तर आधी आंभोऱ्याला वळावं. तिथे पाच नद्या एकत्र येतात, मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ इथेच लिहिला असं विदर्भात मानतात, आणि २०२४ मध्ये खुला झालेला केबलवरचा पूल आता नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांना जोडतो.

पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. देवळं आहेत, घाट आहेत, जुन्या तटाचा दरवाजा आहे. पण मी गेलो होतो जगन्नाथ टेकडीसाठी. १९६९-७० च्या उत्खननात तिथे प्राचीन बौद्ध स्तूप सापडला. वैनगंगेच्या काठाने माणसं, माल आणि विचार दोन हजार वर्षांपूर्वीही ये-जा करत होते, त्याचा हा पुरावा. आंबागड ते पवनी, सगळं मिळून साधारण नव्वद किलोमीटर. फाटे धरून तीन दिवस. घाई केलीत तर एका दिवसातही होईल, पण मग त्याला बीआरएम म्हणा.

मग अडतं कुठे?

रस्त्यापाशी नाही. गावागावांना जोडणारे डांबरी रस्ते आहेत. बावनथडी आणि गोसेखुर्दच्या नहरांच्या कडेने देखभालीच्या वाटा आहेत, माजी मालगुजारी तलावांच्या पारी आहेत. लोआरच्या बांधांचं काम करू शकतील अशा या जागा. त्या सायकलींसाठी खुल्या करायच्या तर जलसंपदा विभाग, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांनी एका टेबलाशी बसावं लागेल. ते सोपं नाही, पण मोठ्या खर्चाचंही नाही.

अडतं ते झोपण्यापाशी. तुमसर, भंडारा आणि पवनी सोडलं तर मधे रात्र काढायची ठरलेली सोय मला दिसली नाही. राज्याची न्याहारी व निवास योजना आहे, २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरणही आलं. गोसेखुर्दच्या जलाशयावर जलपर्यटनाचा प्रकल्प हाती घेतला आहे. बोटी येतील, त्या यायलाही हव्यात. पण बोटीत बसायला येणारा माणूस गाडीने येतो आणि गाडीने जातो. आंबागडच्या पोह्यांच्या गाडीला, मोहाडीच्या विणकराला त्याचा उपयोग किती, हा प्रश्न प्रकल्पाच्या फलकावर नसतो.

माझ्या मते सुरुवात समाजभवनापासून होऊ शकते. प्रत्येक गावात एखादी अशी इमारत असते, लग्न-बारसं सोडलं तर बंद. त्यात चार गाद्या, सायकल आत घ्यायची मुभा, चालू स्थितीतला संडास (हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे, कारण बाईमाणसाचा प्रवास यावरच ठरतो) आणि बचत गटाच्या महिलांकडून जेवण. चिन्नोरचा भात, लाखोरीची डाळ, खात असाल तर तळ्यातले झिंगे. यासाठी कोणी पाचशे रुपये मागितले तर मी आनंदाने देईन, आणि ते गावातच राहतील.

दुसरी अडचण रेल्वेची. लोआरच्या काठाने उन्हाळ्यात सायकलींसाठी जागा राखलेल्या गाड्या धावतात. आपल्याकडे सायकल सामान म्हणून पार्सल कार्यालयात नोंदवावी लागते आणि ती गार्डच्या बाजूच्या डब्यातून जाते. जिथे गाडी दोन मिनिटं थांबते तिथे ती उतरवून घेणं हा वेगळाच व्यायाम. घडीची सायकल असेल तर सामानासारखी सोबत नेता येते. नाहीतर नागपूरहून पहाटे सायकलवरच निघणं बरं, भंडारा पासष्टेक किलोमीटर आहे. फक्त तो राष्ट्रीय महामार्ग आहे, ट्रकच्या शेजारून चालवायची सवय हवी.

लपवून ठेवू नये असं काही

लेंडेझरी, नाकाडोंगरी ही या भागातली वनपरिक्षेत्रं. पेंच आणि नागझिरा यांच्यामधली वाघांची ये-जा याच पट्ट्यातून होते. खाली पवनीला लागून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. मोहफुलं, तेंदूपानं वेचायला गेलेल्यांवर या भागांत हल्ले झाले आहेत. सायकल आवाज करत नाही, हा तिचा गुण इथे दोष ठरतो. म्हणून जंगल लागून असलेल्या रस्त्यावर सूर्य उगवून तासभर झाल्याशिवाय जाऊ नये, दुपारी चारच्या आत बाहेर पडावं, एकट्याने तर नाहीच. गावातला माणूस आज त्या वाटेने जाऊ नका म्हणाला तर वाद घालू नये.

दुसरी भीती मला वाघापेक्षा मोठी वाटली. वाळूचे टिप्पर. नदीकाठचा अरुंद रस्ता, समोरून भरधाव टिप्पर आणि कडेला वाळूचा थर. मी दोनदा सायकलसह शेतात उतरलो. फ्रान्समध्ये लोआरच्या मुख्य पात्रातून वाळू काढणं १९९० च्या दशकात थांबलं. तिथे त्यामागे नदीची काळजी होती, सायकलींची नाही. पण आज तिथल्या काठाने मुलांना घेऊन लोक सायकली चालवतात, त्याचं एक कारण रस्त्यावर टिप्पर नाहीत हेही असावं.

पाण्याबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येतं, आणि गोसेखुर्दच्या फुगवट्यात साचतं. पवनीच्या घाटावर बसायला छान वाटतं, ते पाणी प्यायचं नाही. आणि पावसाळ्यात हा मार्ग विसरावा. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेने भंडारा शहरात काय केलं होतं, ते इथले लोक अजून घराच्या भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

सायकल कोणती न्यावी?

महाग नको. गावात दुरुस्त होईल अशी हवी, आणि इथेच माझी फसगत झाली. आपल्या जुन्या काळ्या सायकलच्या ‘२८’ टायरचा आतला व्यास ६३५ मिलिमीटर असतो. नव्या हायब्रिड सायकलच्या ‘७०० सी’चा ६२२. दिसायला सारखेच, पण तेरा मिलिमीटरचा फरक असल्याने एकाचं दुसऱ्याला बसत नाही. ‘२६’ची गंमत आणखी वेगळी. साध्या लेडीज सायकलचं २६ हे ५९० मिलिमीटर, जुन्या माउंटन बाइकचं २६ हे ५५९. आकडा एकच, चाकं दोन. त्यामुळे ६२२ किंवा ५५९ चं चाक असेल तर घडीचं एक टायर सोबत न्याच. मी नेलं नव्हतं.

ट्यूबचा व्हॉल्व्हही बघा. बारीक दांडीचा ‘प्रेस्टा’ असेल तर तो गावच्या पंपाला लागत नाही. मोटारसायकलसारखा जाड ‘श्रेडर’ असेल तर कुठल्याही गॅरेजमध्ये हवा मिळते. साध्या सायकलची माहिती मात्र इथे भरपूर आहे. मानव विकास कार्यक्रमातून शाळेतल्या मुलींना सायकली मिळाल्या, आणि रोज सकाळी त्या रस्त्यावर दिसतात. माझ्या अठरा गिअरच्या सायकलला आंबागडच्या अलीकडे अशाच तिघींनी गप्पा मारत, एका हाताने दप्तर सावरत मागे टाकलं. तेव्हा टायर अजून फाटलं नव्हतं, म्हणजे ती सबब चालणार नाही.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून ऊन चढतं आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. लाखोरी आणि जवस फुलावर असताना, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, रस्ता सर्वांत देखणा असतो. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगामही दिवाळीनंतर सुरू होऊन होळीपर्यंत चालतो. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटे संपतं, तेव्हा दुसऱ्या दिवशीचे किलोमीटर आधीच कमी धरा.

मला मात्र पुन्हा जायचं आहे ते मंडईच्या आठवड्यात. भाऊबीजेनंतर भंडारा-गोंदियातली गावं एकेक करून मंडई भरवतात. दुकानं, पाळणे, दंडार, रात्री नाटक. नागपूर-पुण्याला कामाला गेलेली पोरं परततात, लेकी-जावई येतात, एकेका घरात दहा-पंधरा पाहुणे झोपतात. अंगणात, ओसरीत, धानाच्या पोत्यांशेजारी. त्या रात्री कोणी मुक्काम कुठे म्हणून विचारत नाही, आधी हातपाय धुवायला पाणी देतात. एखाद्या गावाने त्या सवयीला वर्षातले आणखी काही दिवस जोडायचे ठरवले, तर लोआरच्या गावांकडून शिकायला फक्त पाटी आणि पावतीपुस्तक उरेल.

मंडईच्या तारखा गावोगावी वेगळ्या असतात. तुमसरच्या बसस्थानकावर चहा घेताना विचारलं तरी कळतात. ओळखीचं कोणी असेल तर आधी फोन करून ठेवा, कारण त्या दिवसांत घरं खरंच भरलेली असतात. आणि सोबत घडीचं टायर.